दगडाबाईंचं कार्ड

संजयचा फोन सकाळी पावणेआठला आला. "काका, आई गेली. पहाटे, झोपेतच," एवढं त्यानं सरळ आवाजात सांगितलं. डॉक्टर येऊन गेले होते, गुडगावहून त्याच्या पत्नीचे आईवडील निघाले होते, अंत्यसंस्कार बाराला गाझियाबादला, हिंडन नदीच्या घाटावर होणार होते. मी वेळ कागदावर लिहून घेतली. चाळीस वर्षं बातमीदारी केलेल्या माणसाचा हात अशा वेळी आपोआप पेनाकडे जातो. मग संजय म्हणाला, "काका, पेपरात छोटी सूचना द्यायची आहे. तुम्ही मजकूर बघून द्याल? नाव... मालतीच देतो ना?"

मी विचारलं, "डॉक्टरांनी दाखल्यावर काय लिहिलं?"

"आधार कार्डावर जे आहे ते. दगडाबाई."

"मग तेच दे."

"सोसायटीत कुणाला कळणारसुद्धा नाही काका, कोण गेलं ते. लोक हसतील यार... सॉरी. पण तुम्ही समजू शकता."

मी वाद घातला नाही. आई गेल्यावर दोन तासांत मुलाशी शब्दांवरून भांडू नये, एवढं कळण्याइतकं माझं वय झालं आहे. दुसऱ्या दिवशी सूचना आली ती 'श्रीमती मालती रामचंद्र शेडगे यांचे निधन' अशी. वय बरोबर होतं, पत्ता बरोबर होता, घाटाचं नाव बरोबर होतं. नाव चुकलं होतं. त्या गेल्या त्याला आता सात आठवडे झाले. या पुरवणीच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा मी एकच अट घातली, की शीर्षकात त्यांचं राजपत्रातलं नाव असेल. ती त्यांनी मान्य केली.

दगडाबाईंची आणि माझी ओळख माझ्या एका चुकीतून झाली. दिल्लीत आशियाई खेळ झाले ते वर्ष. शहरभर उड्डाणपूल उभे राहत होते आणि मी एका मराठी दैनिकाच्या दिल्ली कार्यालयात सर्वांत कनिष्ठ होतो. रविवारच्या पानासाठी हलकंफुलकं काही हवं होतं, म्हणून मी पहाडगंजमधल्या मराठी शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी पटाची जुनी रजिस्टरं दाखवली. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारच्या नोकरीसाठी दिल्लीत आलेल्या कुटुंबांची मुलं त्यांत होती. एका पानावर गोपाळ, अब्दुल, रूथ, दगडू, सुशीला. वीस वर्षांनंतरच्या पानावर नितीन, शबाना, संगीता, रॉबर्ट. मी यावर आठशे शब्द लिहिले. त्यात एक वाक्य होतं: 'दगडू, धोंडू, केरू अशी अडाणी नावं आता हद्दपार होत आहेत, ही समाधानाची गोष्ट.' लिहिताना मी त्या वाक्यावर अर्धा मिनिटसुद्धा थांबलो नव्हतो.

मुंबईचा अंक दिल्लीत दुसऱ्या दिवशी दुपारी यायचा. तिसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, एक बाई कार्यालयात आल्या. चाळिशीच्या, सुती साडी, खांद्याला पिशवी, पिशवीत डबा. हातात माझ्या लेखाचं कात्रण होतं आणि ते घडी पडू नये म्हणून ग्रंथालयाच्या जाड कार्डाला टाचणीनं लावलेलं होतं. मी बसा म्हणालो. "बसायला वेळ नाही. दोनला ऑफिसात हजर व्हायचंय," त्या म्हणाल्या. "हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"अडाणी हा शब्द कुणी सांगितला तुम्हाला?"

"कुणी सांगितला म्हणजे... मीच लिहिला."

"एखाद्या दगडूला विचारलंत का, की बाबा रे, तुझं नाव असं का ठेवलं?"

मी म्हणालो, रजिस्टरात फक्त नावं होती. त्यावर त्या म्हणाल्या, "अच्छा! रजिस्टर बोलत नाही म्हणून तुम्हीच त्याच्या वतीनं बोललात. बातमीदार ना तुम्ही?" शेजारच्या टेबलावरचे ज्येष्ठ सहकारी टंकलेखन थांबवून ऐकत होते. बाईंनी स्वतःचं नाव मालती शेडगे असं सांगितलं. एका केंद्रीय मंत्रालयाच्या ग्रंथालयात सहायक आहे म्हणाल्या. आणि मग, उभ्या उभ्याच, म्हणाल्या, "माझं खरं नाव दगडा. आता लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. ती वही अजून माझ्याकडे आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावात त्यांचा जन्म झाला. आधी तीन मुलं झाली होती, तिन्ही वर्षाच्या आत गेली. चौथ्या वेळी सुईणीनं मूल आईजवळ दिलंच नाही. सुपात घातलं, घरामागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं आणि ती मागे न बघता आत आली. ठरल्याप्रमाणे शेजारच्या बाईनं ते टाकलेलं मूल उचललं आणि दारात येऊन हाक दिली, उकिरड्यावर पोर सापडलंय, घेता का कुणी? आईनं ओंजळभर कोंडा देऊन पोर पदरात घेतली. बाराव्या दिवशी नाव ठेवलं, दगडा. टाकून दिलेलं मूल, त्यात नाव दगड. मरणाला त्याचा हेवा वाटू नये, त्यानं दारावरून पुढे जावं, एवढाच सगळ्याचा उद्देश होता. "याला तुम्ही अडाणी म्हणता," त्या म्हणाल्या. "माझ्या आईनं मला लपवलं होतं, बातमीदार. नावात लपवलं." घड्याळाकडे बघून त्या निघाल्या. दारात वळून म्हणाल्या, "खुलासा छापा."

मी मुंबईला कळवलं. संपादकांचं उत्तर आलं, की चुकलेल्या माहितीचा खुलासा देता येतो, मताचा नाही. नियमानुसार ते बरोबर होतं. खुलासा छापला गेला नाही.

हे सांगायला मी पुढच्या आठवड्यात त्यांच्या ग्रंथालयात गेलो. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "ठीक आहे. मग मीच काहीतरी केलं पाहिजे." नाव कसं गेलं ते त्या दिवशी कळलं. अठराव्या वर्षी लग्न झालं. रामचंद्र शेडगे दिल्लीत कारकून, सज्जन माणूस. लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहिलं, मालती. सासरच्या सगळ्यांना हायसं वाटलं. दिल्लीला जाणारी सून दगडाबाई कशी चालेल? बाईंना स्वतःलाही वाईट वाटलं नव्हतं, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं. दिल्लीत आल्या, खासगीरीत्या बी.ए. केलं, ग्रंथालयाची पदविका घेतली, नोकरी लागली, सगळ्या कागदांवर मालती. दगडा म्हणणारी एकच व्यक्ती उरली होती, ती म्हणजे त्यांची आई. उन्हाळ्यात गावी गेलं की ओसरीवरून हाक यायची. माझा लेख छापून यायच्या चार महिने आधी आई वारली होती. "आई गेली त्याचं रडून झालं," त्या म्हणाल्या. "पण तेराव्याला लक्षात आलं, की आता मला त्या नावानं हाक मारणारं कुणी नाही. आईबरोबर माझं नावपण गेलं. ते मला परत हवंय." ते मिळवायला त्यांना दोन वर्षं लागली, आणि घरात मिळवायचा प्रयत्न शेवटपर्यंत चालला.

कार्डं त्यांनी त्याच हिवाळ्यात सुरू केली. ग्रंथालयात बाद झालेली सूचीची कार्डं रद्दीत जायची. त्यांची मागची बाजू कोरी असे. त्या बाजूला त्या लिहीत: नाव, अर्थ, भाषा, कोणी ठेवले, कारण, सांगणारी व्यक्ती, लिहिणारी व्यक्ती, शेरा. पद्धत काटेकोर होती. अर्थ आधी माणसाला विचारायचा, मग कोशात बघायचा. दोन्ही वेगळे निघाले तर दोन्ही लिहायचे, वर माणसाचा, खाली कोशाचा. सांगणाऱ्याचं नाव नसेल तर कार्ड होत नाही. आणि स्वतःचं कार्ड स्वतः लिहायचं नाही. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं लिहायचं. मी हसून विचारलं होतं, की हा नियम कशासाठी. "नाव आपण ठेवतो का स्वतःचं? दुसरा ठेवतो. मग लिहायचंपण दुसऱ्यानंच," असं उत्तर मिळालं. माझ्याकडे त्या काळात वेळ होता आणि मनावर न छापलेल्या खुलाशाचं ओझं होतं. मी शनिवारी त्यांच्याबरोबर हिंडू लागलो.

पहाडगंजमध्ये भांड्यांचे घाऊक व्यापारी होते, घसीटाराम. दुकानाच्या पाटीवर नाव ठळक अक्षरांत होतं, पण त्यामागचं कारण त्यांना कुणी विचारलं नव्हतं. बाईंनी विचारल्यावर त्यांनी हातातली परात खाली ठेवली. "बहनजी, मुझसे पहले दो गुज़र गए थे. दादी ने सूप में डाला और आँगन में घसीटा. इसलिए घसीटा." बाई माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "सूप! ऐकलंत? तेच सूप." त्या भराभर लिहू लागल्या आणि घसीटारामनी पाणी मागवलं. मुनिरक्यात, भाड्याच्या खोल्यांच्या एका गल्लीत, नायजेरियातून संशोधनासाठी आलेला एक विद्यार्थी राहत होता. त्याचं नाव दुरोजाये. योरुबा भाषेत त्याचा अर्थ, थांब आणि जगण्याचा आनंद घे. आधीची भावंडं जन्मून लगेच गेली की येणाऱ्या मुलाला अशी विनंतीच नाव म्हणून देतात, असं त्यानं समजावलं. बाईंनी त्याला उकिरड्याची गोष्ट सांगितली, मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी. तो ताडकन उठून उभा राहिला आणि वाकून त्यांच्या पाया पडला. आमच्याकडेही मोठ्यांना असंच करतात, म्हणाला. ग्रंथालयातच रत्नागिरीच्या आयेशा होत्या. रोज एका टेबलावर डबा खाऊनही त्यांच्या नावाचा अर्थ बाईंनी तोवर विचारला नव्हता. अरबीत आयेशा म्हणजे जगणारी. "म्हणजे तुझ्या आईनं देवाला सरळ सांगितलं, आणि माझ्या आईनं फसवून," बाई म्हणाल्या. "काम एकच."

पण ज्या कार्डानं त्यांना पुढे ढकललं ते त्यांच्या वरिष्ठांचं होतं. पीटरसाहेब नगरचे, मराठी ख्रिस्ती, अत्यंत मितभाषी. बाई त्यांना घाबरत, म्हणून त्यांचं कार्ड टाळत होत्या. एकदा त्यांनीच बोलावलं. "शेडगेबाई, सगळ्यांना विचारता, मला नाही?" बाई कार्ड घेऊन बसल्या. साहेब म्हणाले, "लिहा. मूळ ग्रीक. अर्थ, दगड." बाईंना वाटलं, साहेब चेष्टा करताहेत. त्यांनी कोश काढला. कोशातही तेच होतं: खडक, पाषाण. ही हकीकत मला दोघांकडूनही मिळाली आणि दोन्हींत पुढचा संवाद सारखाच आहे. बाई म्हणाल्या, "साहेब, मग तुम्हाला कुणी हसत नाही?" साहेब म्हणाले, "मला कुणी अर्थ विचारत नाही. तुम्हाला सगळ्यांना आधीच माहीत असतो. एवढाच फरक." त्याच संध्याकाळी बाईंनी नावबदलाचा अर्ज लिहिला. प्रतिज्ञापत्रावर साक्षीदार म्हणून पीटरसाहेबांनी सही केली.

घरी रामचंद्रराव गडबडले. "अगं, पण मी आता काय हाक मारू तुला?" त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "इतक्या वर्षांत एकदा तरी मालती म्हणालात? 'अगं' म्हणता. 'अगं'च म्हणा." यावर घरात वाद मिटला. वर्तमानपत्रांतल्या दोन जाहिराती मी माझ्या हातानं दिल्या. मग राजपत्राचं कार्यालय. तिथल्या खिडकीवर मी त्यांच्याबरोबर होतो. कारकुनानं फॉर्म वाचला आणि परत सरकवला. "मैडम, उल्टा भर दिया है. पुराना नाम इधर, नया उधर."

"सीधा ही भरा है. पुराना मालती, नया दगडाबाई."

"मतलब क्या होता है इसका?"

"पत्थर."

"पत्थर?" त्यानं चष्मा काढला. "यहाँ लोग ऐसे नाम हटवाने आते हैं. लगवाने कोई नहीं आता. पत्थर नाम कौन रखता है बेटी का?"

"जिसको बेटी बचानी हो," बाई म्हणाल्या.

त्यानं फॉर्म ठेवून घेतला. त्यानंतरही तीन फेऱ्या झाल्या. एकदा छायाचित्र लहान, एकदा शिक्का अस्पष्ट, एकदा खिडकी बंद. दर वेळी त्या अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेल्या. राजपत्र हातात आलं त्या दिवशी आम्ही महाराष्ट्र राज्याच्या अतिथिगृहात जेवायला गेलो. रामचंद्रराव, पीटरसाहेब, आयेशाबाई आणि मी. पिठलं-भाकरी होती. पीटरसाहेबांनी पाण्याचा पेला उचलला आणि म्हणाले, "दगडाताई." त्यांच्या आईनंतर या नावानं हाक मारणारे ते पहिले. बाई लगेच 'ओ' म्हणाल्या.

संजय त्या जेवणाला नव्हता. तो त्यांचा एकुलता एक मुलगा, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेला, तेव्हा नऊ-दहा वर्षांचा. त्याच पहाडगंजच्या शाळेत शिकत होता. आणि खरा प्रश्न तिथेच उभा राहिला. तिमाहीच्या प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून आईनं सही केली, दगडाबाई शेडगे. दिल्लीतल्या दुसऱ्या कुठल्याही शाळेत ते खपून गेलं असतं, पण ही मराठी शाळा. प्रत्येक मुलाला शब्द कळत होता. वर्गात आठवडाभर त्याला 'दगडाचा पोरगा' म्हणत होते. तो घरी येऊन म्हणाला, यापुढे सही बाबांची. बाईंनी ऐकलं. "तुझा कागद तुझा, माझा कागद माझा," त्या म्हणाल्या, आणि त्यानंतर त्याच्या एकाही कागदावर त्यांनी सही केली नाही. तो आईला आईच म्हणे, आणि इतरांशी बोलताना मालती. या एका विषयावर मायलेकांत कधी भांडण झालं नाही, आणि बोलणंही झालं नाही. नाव राजपत्रात परत आलं होतं. स्वतःच्या घरात यायचं बाकी होतं.

वीस वर्षांनी त्याच्या लग्नाची पत्रिका छापून आली, त्यावर 'सौ. मालती व श्री. रामचंद्र शेडगे'. मला वाटलं, आता स्फोट होणार. बाईंनी आपल्या ओळखीच्या लोकांसाठीच्या पत्रिका बाजूला काढल्या, बारीक निबाचं पेन घेतलं, मालतीवर एक सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं, दगडाबाई. माझ्याकडे आलेली पत्रिका तशीच आहे. मी विचारलं, मुलाला काही म्हणालात का? "कशाला? ग्रंथालयात आम्ही असंच करतो. चुकीचा क्रमांक एका रेघेनं खोडायचा, वर बरोबर लिहायचा. खालचा वाचता आला पाहिजे. पान फाडायचं नाही." त्या हसल्या. "तो माझं पान आहे, बातमीदार."

निवृत्तीनंतर शेडगे कुटुंब रामकृष्णपुरमचं सरकारी घर सोडून गाझियाबादला, वसुंधरात, राहायला गेलं. ग्रंथालय तोवर संगणकावर गेलं होतं. सूचीचं लाकडी कपाट मोडीत निघालं तेव्हा पीटरसाहेबांनी ते रीतसर बाईंच्या नावे करून दिलं. सहा कप्प्यांचं, पितळी मुठींचं. बैठकीच्या खोलीत, दूरदर्शन संचाच्या जागी, त्यांनी ते ठेवलं. चौथा कप्पा, त ते न, नीट बसत नसे. उजवीकडून किंचित उचलून तळव्यानं दोनदा ढकलावा लागे. त्या बोलता बोलता न बघता तो तसा बंद करत. संजयला मुलगी झाली, तिचं नाव कियारा ठेवलं. बाईंनी कार्ड काढलं. कोशात दोन मुळं निघाली. एक आयर्लंडचं, अर्थ काळ्या केसांची, आणि एक इटलीचं, अर्थ उजळ. त्यांनी सुनेला विचारलं, यांतलं कुठलं? सून प्रामाणिक होती. "आई, ऐकायला गोड वाटलं म्हणून." मला वाटलं, त्या टोमणा मारतील. त्यांनी कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'कानाला गोड वाटले', सांगणारीच्या रकान्यात सुनेचं नाव, आणि कार्ड क च्या कप्प्यात ठेवलं. मी बघत होतो ते पाहून म्हणाल्या, "हेही कारणच आहे. तुमच्यासारखं मी कुणाला अडाणी म्हणत नाही." वीस वर्षांनंतरही ते वाक्य त्यांनी सोडलं नव्हतं.

माझ्या समजुतीप्रमाणे कपाटात एकच कार्ड नव्हतं, त्यांचं स्वतःचं. मी ते लिहायची तयारी किमान चार वेळा दाखवली. माझ्या वहीत पहिल्या दिवसापासूनची सगळी माहिती होती. "तुम्ही बातमी लिहा," त्या म्हणत. "हे घरच्या माणसानं लिहायचं आहे." रामचंद्रराव लिहायला तयार होते, त्यांनाही नाही म्हणाल्या. मग कोण, हे विचारायची गरज नव्हती. त्या संजयची वाट बघत होत्या. त्याला सांगाल का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "त्यानं विचारलं तर सांगेन. आम्ही माणसाला विचारतो, लादत नाही." रामचंद्रराव गेले, पीटरसाहेब गेले, आयेशाबाई मुलाकडे पुण्याला गेल्या. त्या आपल्या जागी ठाम होत्या.

शेवटची भेट त्या जाण्याआधी दोन आठवड्यांची. पाय सुजले होते, खुर्चीतून उठणं अवघड झालं होतं. दारातून आत गेल्या गेल्या नेहमीचा प्रश्न आला, "काय बातमीदार, नवीन नाव आणलंत?" रिकाम्या हातानं त्यांच्याकडे जायचं नाही असा आमचा रिवाज होता. माझ्या गुडघ्यांवर उपचार करणारा तरुण मणिपूरचा, नाव चाओबा. अर्थ विचारला तर म्हणाला, मोठा. भावाचं नाव तोम्बा, म्हणजे लहान.

"आणि दिसायला?"

"चाओबा माझ्या खांद्याला लागतो. तोम्बा सहा फूट, असं तोच सांगतो."

त्या खोकला येईपर्यंत हसल्या. दोन्ही कार्डं त्यांनी मला लिहायला लावली, कारण हात चालत नव्हता, आणि सांगणारी व्यक्ती म्हणून माझं नाव घालू दिलं नाही. चाओबाचं घालायला लावलं. लिहिणारी व्यक्ती, मी. निघताना मी म्हणालो, "दगडाताई, पेन उघडंच आहे. तुमचं लिहू का?" त्यांनी नकारार्थी मान हलवली. "दगड वाट बघू शकतो," त्या म्हणाल्या.

गेल्या रविवारी संजयनं बोलावलं. कपाटाचं काय करायचं, हा प्रश्न होता. कियारानं ते हवं म्हणून सांगितलं होतं, पण तिला वसतिगृहात नेता येणार नव्हतं. तोवर कार्डं नीट लावून ठेवावीत म्हणून आम्ही दोघं एकेक कप्पा काढून बसलो. चौथ्या कप्प्यात, 'दगडू'च्या अगोदर, एक कार्ड होतं. वर बारीक निबानं नाव, दगडाबाई. बाकी सगळे रकाने रिकामे. अक्षर जुनं, ठाम, हात चालत होता तेव्हाचं. म्हणजे ते बरीच वर्षं तिथे होतं.

"हे अर्धवट का ठेवलं तिनं?" संजयनं विचारलं.

मी नियम सांगितला. स्वतःचं कार्ड स्वतः लिहायचं नाही. मग हेही सांगितलं, की मला आणि त्याच्या वडिलांना त्यांनी लिहू दिलं नव्हतं. त्यानं कार्ड टेबलावर ठेवलं. मला वाटलं, आता तो मला विचारेल, की नेमकं काय झालं होतं, आणि मी जुन्या वहीतून सगळं सांगेन. तशी वही मी बरोबर नेलीही होती. त्यानं विचारलं नाही. टेबलावरचं आईचं पेन घेतलं, दोनदा झटकलं आणि लिहायला लागला. मध्ये एकदा थांबला, खिडकीबाहेर बघितलं, पुन्हा लिहू लागला. लिहून झाल्यावर कार्ड माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाला, "तपासा काका."

मी वाचलं. अर्थ: दगड. भाषा: मराठी. कोणी ठेवले: आजीने. कारण: आधीची तीन मुले गेली, मरणाने हिला सोडून पुढे जावे म्हणून. सांगणारी व्यक्ती: आई. लिहिणारी व्यक्ती: मुलगा, संजय. आणि शेवटी शेऱ्याच्या रकान्यात, जागा अपुरी पडल्यामुळे लहान होत गेलेल्या अक्षरांत: 'मी सहा वर्षांचा असताना मला टायफॉईड झाला. एकवीस दिवस आई उशाशी होती. तेव्हा तिने ही गोष्ट सांगितली. त्या दिवसांत ती मला दगड्या म्हणायची. बरा झाल्यावर मीच सांगितले, आता शाळेत तसे म्हणू नकोस. तिने पुन्हा म्हटले नाही.'

हे माझ्या वहीत नव्हतं. चाळीस वर्षांत त्यांनी मला ते कधी सांगितलं नव्हतं. मी कार्ड परत दिलं. दुरुस्ती करण्यासारखं काही नव्हतं. संजयनं ते दगडूच्या अगोदर, होतं त्या जागी लावलं. मग कप्पा आत सरकवला. तो अडला. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. उजवीकडून किंचित उचलला आणि तळव्यानं दोनदा ढकलला.